नवरीचा चेहरा आणि नवरीची मान

भीम जयंतीचा मांडव उतरतो न उतरतो तोच आपल्या वस्त्यांत लग्नाचे मांडव चढतात. यंदा मी सात मंगल परिणयांना गेले. पांढरी साडी, निळी किनार, समोर तथागतांची आणि बाबासाहेबांची प्रतिमा, त्रिसरण-पंचशील, सगळे कसे नीटनेटके. पण सातपैकी पाच नवऱ्या मुलींचा चेहरा एका रंगाचा, मान दुसऱ्या रंगाची आणि हार घालायला वर केलेले हात तिसऱ्या रंगाचे होते. एकीच्या चेहऱ्यावर तर राखेसारखी करडी झाक आलेली. घाम पुसला तसा रुमाल पांढरा झाला. शेजारी बसलेल्या मावशी म्हणाल्या, "पोरगी आज किती उजळ दिसतेय गं!" पोरगी उजळ दिसत नव्हती, आजारी दिसत होती. फोटोवाल्याने पुढे अल्बममध्ये तिचे हातसुद्धा गोरे करून दिले, म्हणजे घरी हिशेब जुळला.

हे आरोग्याच्या पानावर कशाला, असे कोणी विचारेल. मी सरकारी रुग्णालयाच्या त्वचारोग विभागात परिचारिका आहे. मांडवात जे पावडरीने होते, तेच त्याआधी सहा महिने ट्यूबने झालेले असते, आणि ते आमच्याकडे येते. म्हणून लिहिते आहे.

आधी एक गोष्ट स्पष्ट करते. मी नटण्याच्या विरोधात नाही. आपल्याकडे काही ज्येष्ठ उपासक सांगतात की मेकअप धम्मात बसत नाही. अष्टशील पाळताना माळा-गंध-विलेपन टाळायचे असते हे खरे, पण ते उपोसथाला. रोजच्या पंचशीलात लिपस्टिकबद्दल काही नाही. आणि आपल्या आयाबायांच्या कपड्या-दागिन्यांचा प्रश्न बाबासाहेबांना क्षुल्लक वाटला नव्हता. डिसेंबर १९२७ मध्ये महाडला ते खास स्त्रियांशी बोलले. लुगडे नेसण्याची जी पद्धत पाहून तुम्ही अस्पृश्य आहात हे लोक ओळखतात ती सोडा, गळ्याहातातले कथलाचे आणि चांदीचे जड दागिने उतरवा, स्वच्छ राहा, असे त्यांनी सांगितले. दुसऱ्यांनी अंगावर लादलेली खूण उतरवा, असा त्याचा अर्थ. आपली कातडी ही कोणी लादलेली खूण नाही. उलट तिच्यावर गोरेपणाचा थर चढवणे म्हणजे एक नवी खूण स्वतःच्या हाताने लावून घेणे, असे माझे मत आहे.

हे सुरू कुठे होते? बायोडाटात. जन्मतारीख, शिक्षण, उंची, आणि मग एक रकाना : वर्ण. त्यापुढे गोरा, निमगोरा, गव्हाळ. 'सावळा' लिहायची वेळ आली की आई हळूच 'गव्हाळ' लिहिते. ज्या घराच्या तीन पिढ्या वर्णव्यवस्थेशी भांडल्या, त्या घरातल्या मुलीच्या कागदावर 'वर्ण' हा रकाना छापताना कोणाचा हात अडखळत नाही. दीघनिकायातल्या अग्गञ्ञ सुत्तात तथागत वासेट्ठ आणि भारद्वाज या दोन ब्राह्मण तरुणांना जगाची घडण सांगतात. त्यात प्राण्यांच्या शरीरांत रंगरूपाचा फरक पडतो, चांगल्या रूपाचे स्वतःला श्रेष्ठ समजून इतरांना हिणवू लागतात, आणि त्या गर्वापायी पृथ्वीचा गोड रसच नाहीसा होतो. हे सुत्त वर्षावासात ऐकायचे आणि वधू-वर मेळाव्यात 'मुलगी गोरी असल्यास प्राधान्य' असे बोलायचे, ही दोन्ही कामे एकाच माणसाकडून होताना मी पाहिली आहेत. आणि राग मानू नका संपादक महोदय, आपल्या मासिकाच्या शेवटच्या पानावरच्या स्थळांच्या जाहिरातींतही 'वर्ण' असतो. तो पुढच्या अंकापासून काढता येईल. जागाही वाचेल.

आता ट्यूबची गोष्ट. पाहुणे बघायला येणार ठरले की मुलगी किंवा तिची आई औषधाच्या दुकानात जाऊन 'गोरे व्हायची क्रीम' मागते. दुकानदार, मैत्रीण किंवा शेजारची वहिनी एक ट्यूब हातात देते. पंधरा दिवसांत चेहरा उजळतो. डाग फिके पडतात, पिंपल बसतात. घरचे खूश. मग दोन-तीन महिन्यांनी गाल लाल पडू लागतात, उन्हात आणि चुलीपुढे आग होते, बारीक लाल शिरा दिसतात, पुरळ उठते, हनुवटीवर लव वाढते. क्रीम बंद केली की हे सगळे दुपटीने होते, म्हणून ती पुन्हा लावते. असे वर्षानुवर्षे चालते.

त्या ट्यूबमध्ये स्टेरॉइड असते. नावे लक्षात ठेवा आणि ट्यूबवरची बारीक अक्षरे मुलांकडून वाचून घ्या : बीटामेथासोन, क्लोबेटासोल, मोमेटासोन, फ्लुओसिनोलोन. सोबत कधी हायड्रोक्विनोन आणि ट्रेटिनोइन असते. ही सगळी खरी औषधे आहेत, सोरायसिस, इसब, वांग अशा आजारांवर डॉक्टर ती मोजून आणि ठरावीक दिवसच देतात. पण रोज चेहऱ्यावर लावली की कातडी पातळ होते. सुरुवातीचा जो उजळपणा दिसतो, त्याचे एक कारण असे की स्टेरॉइडने कातडीतल्या रक्तवाहिन्या आकसतात आणि रंग तयार होण्याचे काम मंदावते. २०१८ मध्ये केंद्र सरकारने अशी १४ स्टेरॉइड मलमे डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय विकण्याची मुभा काढून घेतली. तरी ती मिळतात, हे आपण सगळे जाणतो. जी आधीपासून लावते आहे तिने एकदम बंद करू नये. ट्यूब घेऊन त्वचारोग विभागात यावे, आम्ही रागावत नाही. डॉक्टर हळूहळू सोडवतात.

दुसरा प्रकार डबीतल्या क्रीमचा. कंपनीचा पत्ता नाही, परवाना क्रमांक नाही, तारीख नाही, कोणीतरी परगावाहून आणलेली. अशा काही डब्यांत पारा सापडतो. पारा कातडीचा रंग अडवतो, पण तिच्यातून आत जाऊन किडनीवर बसतो. आपल्याकडच्या सौंदर्यप्रसाधन नियम २०२० प्रमाणे प्रसाधनात पारा घालण्यास बंदी आहे. तरीही २०२३ च्या सुरुवातीला अकोल्यातल्या एकाच घरातल्या तिघींची बातमी वर्तमानपत्रांत आली होती. तिघी एकच क्रीम लावत होत्या, तिघींच्या किडनीला इजा झाली आणि क्रीममध्ये पारा निघाला. सकाळी डोळ्यांखाली आणि पायांवर सूज, लघवीला फार फेस, असे काही असेल आणि अशी डबी घरात असेल तर दोन्ही गोष्टी डॉक्टरांना सांगा. डबीची गोष्ट लाजेने लपवली जाते आणि डॉक्टर कारण शोधत बसतात.

काही घरांत आता लग्नातली हळद गेली. चांगले झाले. पण तिच्या जागी आदल्या दिवशीचे ब्लीच आले. ब्लीच चेहऱ्यावरच्या लवेचा रंग घालवते, कातडीचा नाही. नाजूक कातडीवर ते भाजते, आणि आपल्या सावळ्या कातडीवर भाजल्याचा डाग काळा पडून महिनोन् महिने राहतो. गोरे व्हायला गेलेली डाग घेऊन येते.

मुळात रंग म्हणजे काय? कातडीत मेलॅनिन नावाचे रंगद्रव्य असते. ते तयार करणाऱ्या पेशी गोऱ्या आणि काळ्या माणसांत साधारण सारख्याच संख्येने असतात. फरक पडतो तो त्या किती आणि कसले मेलॅनिन बनवतात आणि ते कसे पसरते यामुळे. हे मेलॅनिन उन्हातल्या अतिनील किरणांपासून कातडीला सांभाळते. बांधकामावर, भाजीच्या हातगाडीवर, शेतात उभी राहणारी आई ज्या रंगामुळे थोडीफार वाचली, त्याच रंगाबद्दल लेकीला वाईट वाटावे!

रंगातला फरक मात्र नीट पाहायचा असतो, कारण कधी तो आजार सांगतो. मानेच्या मागे, काखेत मखमलीसारखा जाड काळेपणा आला तर तो मळ नाही. पोरी दगडाने घासतात, आया लिंबू चोळतात. पुष्कळदा ती शरीरात इन्सुलिन नीट काम करत नसल्याची खूण असते. वजन आणि साखर तपासायची, घासायचे नाही. तसेच 'हल्ली उजळलीस गं' म्हणतो ती मुलगी कधी कधी फिकी पडलेली असते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत देशातल्या १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के स्त्रियांत रक्त कमी आढळले. सावळ्या चेहऱ्यावर फिकेपणा चटकन कळत नाही, म्हणून खालची पापणी ओढून आतला रंग पाहा, जीभ पाहा, तळहात पाहा. हिमोग्लोबिन सात असलेल्या नवरीच्या गालाला लाली लावून काय होणार?

बरे, मग लावायचे काय? एका मुलीने मला ओपीडीत हेच विचारले होते. स्टेरॉइडने तिचे गाल लालबुंद झालेले, लग्न तीन महिन्यांवर. डॉक्टरांचे सांगून झाल्यावर बाहेर येऊन म्हणाली, "सिस्टर, क्रीम सोडते, पण लग्नात मग मी काय लावू?" तेव्हा मला उत्तर नव्हते. मी आमच्या वस्तीत पार्लर चालवणाऱ्या ताईकडे जाऊन बसले, दोन-तीन रविवार. जे शिकले ते असे.

बेस, म्हणजे फाउंडेशन, आपल्याच रंगाचा हवा. त्याचे काम रंग बदलण्याचे नाही, डाग आणि असमानता थोडी झाकण्याचे आहे. तो निवडताना हाताच्या मागे किंवा मनगटावर लावून पाहू नका, हात आणि चेहरा एका रंगाचे नसतात. जबड्याच्या कडेवरून मानेकडे उतरतील अशा तीन शेडच्या तीन रेघा ओढा. दुकानातल्या ट्यूबलाइटखाली बघू नका, बाहेर उजेडात या. दहा मिनिटे थांबा, कारण काही बेस हवा लागली की गडद होतात. तीनपैकी जी रेघ दिसेनाशी होते ती तुमची शेड. बाटलीवरच्या नावावर जाऊ नका. 'नॅचरल' लिहिलेली शेड मी आजवर तरी गोरीच पाहिली आहे. कोणाची नॅचरल, ते कंपनीला माहीत.

एकाच सावळेपणातही झाक वेगळी असते, कोणाची पिवळसर, कोणाची तांबूस, कोणाची किंचित हिरवट. पिवळसर झाकेच्या कातडीवर गुलाबी झाकेचा बेस लावला की तो करडा दिसतो. मोबाईलवर सांगतात की मनगटाच्या शिरा निळ्या की हिरव्या ते बघा. आपल्या कातडीत शिरा धड दिसत नाहीत, त्यात वेळ घालवू नका. जबड्यावरची रेघ पुरेशी आहे. उन्हात काम करणाऱ्या बाईचा चेहरा मानेपेक्षा गडद असतो, कपाळ आणि ओठांभोवतीचा भाग आणखी गडद. तिथे बेस मानेच्या आणि चेहऱ्याच्या मधल्या रंगाचा घ्यावा आणि मानेवर उतरवत न्यावा. नेमकी शेड मिळाली नाही तर दोन बाटल्या थोड्या थोड्या मिसळा. दुकानात सगळ्यात गडद शेडही उजळ पडत असेल, तर बेस लावूच नका. फक्त डागांवर थोडे झाकण, बाकी कातडी उघडी. ताई म्हणाली, ओळखू येत नाही. खरेच येत नाही.

ती राखेची झाक येते कशाने? पावडरीने. फिकट कॉम्पॅक्ट आणि अंगाची टाल्कम पावडर यांतली पांढरी भुकटी सावळ्या रंगावर करडी दिसते, आणि फोटोच्या फ्लॅशमध्ये तर चेहरा पिठात बुडवल्यासारखा येतो. पावडर आपल्या शेडची घ्या आणि फक्त नाकावर, कपाळावर, जिथे तेल सुटते तिथे लावा. डोळ्यांखालच्या काळेपणावरही सरळ गोरे कन्सीलर लावले की करडे डबके दिसते. आधी नारिंगी झाकेचे करेक्टर अगदी थोडे, मग वर आपल्या रंगाचे.

आणि आता मजेचा भाग. सावळ्या मुलीने भडक लावू नये हे कोणी ठरवले कोण जाणे. पार्लरमध्ये तिला हमखास फिकट गुलाबी लिपस्टिक देतात, तिने ओठ खडूसारखे दिसतात. गडद रंगाच्या कातडीवर गडद आणि भरलेले रंगच उठून येतात. ओठांसाठी कोकमाचा, डाळिंबाचा, जांभळाचा, विटेचा रंग बघा. मरून, चॉकलेटी, राणी. साधे दिसायचे असेल तर तपकिरी विटकरी. आपल्या ओठांची कड बहुधा गडद असते, ती खोडू नका, तिच्याच रंगाच्या पेन्सिलीने आखली की लिपस्टिक नीट बसते. गालाला फिकट गुलाबीऐवजी विटकरी किंवा जांभळट लाली, बोटाच्या टोकाइतकी. डोळ्यांवर तांब्याचा रंग, जुन्या सोन्याचा, मोरपंखी. आणि निळा! वर्षभर झेंड्यावर, दुपट्ट्यावर, साडीच्या किनारीवर निळा मिरवतो, डोळ्यांवर मात्र 'आपल्याला शोभत नाही' म्हणतो. गडद निळी रेघ काजळाच्या बाहेरून ओढून पाहा. पांढऱ्या साडीत नवरीचा चेहरा हाच मांडवातला एकमेव गडद रंग असतो. पांढऱ्यावर सावळा रंग जितका खुलतो तितका भरजरी लाल शालूवरही खुलत नाही. तो पुसून पांढऱ्यावर पांढरे करण्यात काय मिळवले?

टिकली लावणाऱ्यांसाठी एक. टिकलीखाली किंवा तिच्या कडेने कातडी पांढरी पडू लागली तर ती लगेच बंद करा, काही टिकल्यांच्या गोंदातल्या रसायनाने तसे होते. कोणतीही नवी वस्तू लग्नाच्या आठ दिवस आधी कानामागे लावून पाहा. दुसऱ्याचे काजळ आणि लिपस्टिक वापरू नका.

पार्लरवाल्या ताईंना दोष देऊन हे सुटणार नाही. ती आपल्याच वस्तीतली, घर चालवणारी बाई. तिच्या डब्यात तीन शेड, तिन्ही उजळ, कारण घाऊक दुकानात त्याच स्वस्त मिळतात आणि गिऱ्हाईकही म्हणते 'जरा उजळ कर'. मुलीची आई, मावशी, आत्या मागे उभ्या राहून सांगतात. ताई म्हणाली, "मी एकीला तिच्या रंगाचा बेस लावला, तर तिची आत्या म्हणाली, पैसे कशाचे घेतलेस?" म्हणून सांगायचे ते आत्याबाईंना. आणि बचत गटांना एक सूचना : दागिने भाड्याने देता तसा गडद शेडच्या चार-पाच बेसचा एक संच गटाने विकत घेऊन ताईकडे ठेवा. स्वच्छ चमच्याने काढून लावायचा, बाटलीत ब्रश घालायचा नाही.

हे फक्त आपल्याकडचे दुखणे नाही. अमेरिकेतल्या काळ्या स्त्रियांनीही कातडी उजळणाऱ्या क्रीमा लावल्या, केस सरळ करण्यासाठी टाळू भाजून घेतली. १९६० च्या दशकात त्यांच्या चळवळीने काळे असणे सुंदर आहे हे उघड म्हटले, केस जसे आहेत तसे वाढवले. १९७२ मध्ये मुंबईत दलित पँथर उभी राहिली ती त्यांच्याच ब्लॅक पँथरचे नाव घेऊन. आपण त्यांच्याकडून पँथर घेतला, आरसा घ्यायचा राहिला. पुढे तीनच वर्षांनी, १९७५ मध्ये, फेअर अँड लव्हली बाजारात आली आणि घराघरात शिरली. २०२० मध्ये कंपनीने नावातले 'फेअर' काढून 'ग्लो' घातले. २०१७ मध्ये रिहाना या कृष्णवर्णीय गायिकेने स्वतःच्या कंपनीतून एकदम ४० शेडचा बेस आणला, त्यात गडद शेडही होत्या. त्यानंतर इतर कंपन्यांनाही गडद बाटल्या ठेवणे भाग पडले. मागणी केली तर माल येतो. आपल्या गावच्या दुकानदाराकडे दहा बायकांनी 'गडद शेड आहे का' विचारले, तर अकराव्या बाईला ती मिळेल.

त्या ओपीडीतल्या मुलीचे लग्न फेब्रुवारीत झाले. गाल पूर्ण बरे झाले नव्हते, अजून औषध चालू आहे, वर्ष तरी जाईल. डॉक्टरांना विचारून बेस फक्त डागांपुरता लावला, जबड्यावर रेघ ओढून निवडलेला. ओठांना जांभळाचा रंग, डोळ्यांना निळी रेघ. तिच्या सासूबाईंनी मंडपात माझ्याजवळ येऊन विचारले, "सिस्टर, हिला मेकअप केलाय ना?" मी म्हटले, केलाय. त्या पुन्हा एकदा तिच्याकडे बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "बायोडाटाच्या फोटोत कोणी वेगळीच होती."